बळी देऊनही हात रिकामा? सॅक्रिफाइस डेकची दुरुस्ती, फुकटच्या तपासण्यांपासून

मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळणाऱ्या आमच्या टोळक्यात 'मामा, डेक बंद पडला' हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी कानावर येतं. डेक, म्हणजे खेळाडूने स्वतः जमवलेला कार्डांचा गठ्ठा, जवळजवळ दर वेळी काळ्या रंगाचाच असतो. स्वतःची क्रीचर, म्हणजे लढणारे प्राणी, बळी द्यायची आणि त्या बदल्यात कार्डं उचलायची, असा. लक्षणंही ठरलेली:

- चौथ्या-पाचव्या टर्नला हातात एखादंच कार्ड, टेबलावर एकही क्रीचर नाही आणि समोरचा भरल्या हाताने बसलेला.
- हातात व्हिलेज राइट्स, डेडली डिस्प्यूट अशी दोन-तीन कार्डं अडकलीत, पण बळी द्यायला काहीच नाही.
- टोकन (दुसऱ्या कार्डाने दिलेली, स्वतःचं कार्ड नसलेली क्रीचर) ढीगभर मरतात, कार्ड एकही येत नाही.
- बळी देऊन स्पेल टाकला, समोरच्याने तो काउंटर केला, म्हणजे रद्द केला. क्रीचर गेलं, स्पेल गेला, हाती धुपाटणं.
- कार्डं धो-धो येतात, तरी मरतो आपणच.

शेवटचं लक्षण वेगळ्या दुखण्याचं आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

माझं लातुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. हा खेळ भाच्याने पुण्याहून आणला. आता रविवारी संध्याकाळी दुकानातल्या लांब टेबलावरून वायरी बाजूला सारल्या जातात आणि ट्यूशनच्या हॉस्टेलवरची पोरं डेक घेऊन येतात. आपलं हरलेलं डेक दुसऱ्यासमोर पसरायला त्यांना लाज वाटते. मी मामा आहे आणि बिघडलेल्या वस्तू बघणं माझं रोजचं काम, म्हणून ती माझ्याकडे येतात. मोटर बंद पडली म्हणून कोणी आणली की मी आधी फ्यूज, स्टार्टर, कपॅसिटर बघतो. मोटर उघडायची सगळ्यात शेवटी. डेकचंही तसंच.

तपासणीआधी एक सांगतो. पहिली चार लक्षणं घेऊन येणारा जवळपास प्रत्येक जण उपायही सोबत घेऊन येतो: 'अजून दोन ड्रॉची, म्हणजे कार्डं उचलून देणारी, कार्डं टाकतो.' आमच्याकडे बोअर आटला की शेजारी दुसरा पाडतात, तोही आटला की तिसरा, अजून खोल. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे कोरड्या चालून जळालेल्या मोटरींची रांग लागली होती. वाइंडिंग भरून दिलं तरी महिन्याने तीच मोटर परत. दोष मोटरीत नव्हताच, खाली पाणी नव्हतं. सॅक्रिफाइस डेकमध्ये खालचं पाणी म्हणजे बळी द्यायची क्रीचर. इंग्रजीत खेळाडू त्यांना फॉडर म्हणतात, आम्ही सरळ चारा म्हणतो. माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक डेकांत ड्रॉ पुरेसा होता. तुटवडा चाऱ्याचा होता.

तरीही सुरुवात चाऱ्यापासून करू नका. आधी फुकटचं बघून घ्या.

१. कार्ड मोठ्याने वाचा

हसू नका. उदगीरचा एक पोरगा मिडनाइट रीपर घेऊन आला होता. 'मामा, सहा टोकन मारले, एक कार्ड येईना. हे कार्डच खोटं हाय.' म्हटलं, मोठ्याने वाच. त्याने भराभर वाचलं आणि 'नॉनटोकन' या शब्दापाशी आवाज खाली आला. तो शब्द त्याने आधी दहादा पाहिला असेल, पण मनात वाचताना डोळा पुढे सरकतो आणि मेंदूला हवं तेच दिसतं.

मिडनाइट रीपर आणि ग्रिम हॅरुस्पेक्स ही दोन्ही कार्डं टोकनच्या मरणावर काहीच देत नाहीत. टोकनवर चालणाऱ्या डेकमध्ये ती घालणं म्हणजे सिंगल फेजच्या लाइनवर थ्री फेजची मोटर जोडणं. अजून चार शब्द असेच बोट ठेवून वाचा:

'अनदर'. म्हणजे दुसरं. ग्रिम हॅरुस्पेक्स स्वतः मेला तर त्याच्यासाठी कार्ड नाही. मिडनाइट रीपरवर हा शब्द नाही, म्हणून तो मरतानाही एक कार्ड देऊन जातो.

'यू कंट्रोल'. ब्लड आर्टिस्ट टेबलावर कोणाचंही क्रीचर मेलं तरी चालतो. झुलापोर्ट कटथ्रोट फक्त तुमची क्रीचर मोजतो.

'वन्स ईच टर्न'. मॉर्बिड ऑपॉर्च्युनिस्टला टोकनही चालतं, समोरच्याचं क्रीचरही चालतं, पण एका टर्नला एकच कार्ड. पोरं स्वतःच्या टर्नला पाच टोकन एकदम कापतात आणि एक कार्ड घेऊन बसतात. इथे 'प्रत्येक' टर्न म्हटलंय, 'तुमचा' टर्न नाही. चौघांच्या टेबलावर प्रत्येकाच्या टर्नला एकेक टोकन कापलं तर एका फेरीत चार कार्डं येतात. चारा आणि कार्ड तेच, फरक फक्त थांबण्याचा.

'मे'. हा शब्द असेल तर कार्ड उचलणं तुमच्या मर्जीवर. नसेल तर उचलावंच लागतं. हे पाचव्या लक्षणाला लागेल, लक्षात ठेवा.

याच्या उलटी चूकही होते. काही जण धरूनच चालतात की टोकन मरत नाही, नुसतं नाहीसं होतं. तसं नाही. टोकनसुद्धा रणांगणावरून आधी ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे मेलेल्या-वापरलेल्या कार्डांच्या ढिगात जातं, मगच नाहीसं होतं. म्हणजे ते मेलं. कार्डावर 'नॉनटोकन' लिहिलेलं नसेल तर टोकनचं मरण मोजायचं. डार्क प्रॉफेसी ते मोजते, स्कलक्लँपही मोजतो.

आमच्या टेबलावर याच जागी एक गावठी बिघाड निघाला. टोकन म्हणून आम्ही तुरीचे दाणे ठेवायचो, लातुरात तुरीला काय तोटा! पण दाणा टॅप केलेला (वापरून आडवा केलेला) की उभा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. वर टेबलाला धक्का लागला की दोन क्रीचर फरशीवर. कोणी किती बळी दिले यावरून तासभर भांडण झालं, त्या दिवसापासून जुन्या लग्नपत्रिका कापून टोकन केली. मागे पेन्सिलीने १/१ लिहायचं, पहिला आकडा ताकदीचा, दुसरा टिकावाचा. जाड कागद आहे, आडवा केला की आडवा दिसतो.

२. बळी कधी देता ते बघा

व्हिलेज राइट्स हा एका काळ्या मानाचा इन्स्टंट आहे. माना म्हणजे कार्ड टाकायला लागणारी जादूची ताकद, इन्स्टंट म्हणजे समोरच्याच्या टर्नलाही टाकता येणारा स्पेल. त्यावर लिहिलंय, की स्पेल टाकण्याची जादा किंमत म्हणून एक क्रीचर बळी द्या. मग दोन कार्डं उचला. इथे किंमत आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत स्पेल टाकतानाच चुकती होते आणि ती परत मिळत नाही. समोरच्याने काउंटर केलं तर परिणाम थांबतो, किंमत गेलेलीच असते. दुकानदाराला पैसे देऊन झाले आणि माल ट्रकमध्ये जळाला, तसं.

फायद्याची बाजूही याच नियमात आहे. किंमत चुकती होताना मध्ये कोणाला बोट घालता येत नाही. 'थांब, तू बळी द्यायच्या आत मी ते क्रीचर मारतो' असं समोरचा म्हणू शकत नाही. तुम्ही स्पेल टाकला तेव्हाच क्रीचर गेलं. व्हिसेरा सीअरसारख्या कार्डावर कोलनच्या डावीकडे असते ती किंमत, उजवीकडे परिणाम. तिथेही हेच लागू.

म्हणून पहिला प्रश्न हा: बळी जाणारं क्रीचर तसंही मरणारच होतं का? समोरच्याने तुमच्या क्रीचरवर मारायचा स्पेल टाकला, तेव्हा उत्तरादाखल व्हिलेज राइट्स टाका. त्याचा स्पेल निशाण्याविना वाया जातो, तुम्हाला दोन कार्डं मिळतात. कोणी तुमचं क्रीचर पळवायला आला तरी हेच करा. हल्ल्यात तुमचं टोकन ब्लॉकला उभं केलंत, ब्लॉक जाहीर झाला, आता टोकन कापा. हल्ला करणारं क्रीचर ब्लॉक झालेलंच राहतं आणि त्याला ट्रँपल (उरलेला मार तुमच्यापर्यंत पोचवणारा गुण) नसेल तर तुम्हाला इजा होत नाही. एका टोकनने मार अडवला आणि कार्डंही दिली.

जुने लेख वाचून कोणी सांगेल, 'आधी डॅमेज स्टॅकवर जाऊ दे, मग बळी दे.' म्हणजे मार स्टॅकवर, परिणामांच्या रांगेत, थांबलेला असताना मध्येच बळी दे. हे २००९ पर्यंत चालायचं. त्या वर्षी मॅजिक २०१० सोबत नियम बदलले आणि लढाईतलं डॅमेज स्टॅकवर जाणं बंद झालं. आता मारही देईन आणि बळीही देईन, असं दोन्ही होत नाही.

अजून तीन गोष्टी दर दोन-तीन महिन्यांनी कोणी तरी विचारतंच, म्हणून इथेच लिहून टाकतो. आत्ताच उतरलेलं क्रीचर त्याच टर्नला बळी देता येतं, टॅप झालेलंही देता येतं. किमतीत त्या क्रीचरचं टॅपचं चिन्ह नसेल तर नवं-जुनं बघायचं कारण नाही. अविनाशी, म्हणजे इन्डिस्ट्रक्टिबल क्रीचरही बळी जातं, कारण बळी देणं हे नष्ट करणं नव्हे. आणि एक क्रीचर एकाच किमतीला. एकाच उंदरावर दोन स्पेल टाकता येत नाहीत, कितीही गयावया केली तरी.

३. हिशोब लिहून काढा

वरच्या दोन तपासण्यांत दोष सापडला नाही तर आता वही-पेन्सिल घ्या. मला वाटतं खरा दोष इथेच असतो. आणि माणसं इथेच सगळ्यात कमी बघतात, कारण 'दोन कार्डं उचला' हे वाचून खूश झालेला माणूस किती कार्डं दिली ते मोजत नाही.

टेबलावर तुमचं तीन मानाचं, कार्डातून उतरवलेलं एक साधं क्रीचर आहे. त्यावर व्हिलेज राइट्स टाकलं. जमा: दोन कार्डं. खर्च: क्रीचरचं कार्ड एक, राइट्सचं कार्ड एक. शिल्लक शून्य. वर क्रीचर उतरवायला घातलेले तीन माना गेले आणि राइट्सचा एक, म्हणजे साधारण एक अख्खा टर्न पाण्यात. असं दोनदा केलं की समोरच्याकडे टेबलावर तीन क्रीचर असतात आणि तुमच्याकडे 'मी चार कार्डं उचलली' हे समाधान. पहिलं लक्षण हेच.

आता तेच राइट्स एखाद्या टोकनवर टाका. ते टोकन अशा कार्डाने दिलेलं असावं जे अजून टेबलावर आहे आणि पुढच्या टर्नला परत एक देणार आहे. उदाहरणार्थ बिटरब्लॉसम: दोन मानाचं, तुमच्या दर टर्नच्या सुरुवातीला एक लाइफ (तुमच्या जिवाचा एक गुण) घेतं आणि एक उडणारं १/१ टोकन देतं. आता खर्च फक्त राइट्सचा, एक कार्ड. जमा दोन. शिल्लक एक. राइट्स तेच, नुसता चारा बदलला.

टोकनइतकाच चांगला दुसरा चारा म्हणजे मरताना मागे काही ठेवून जाणारी क्रीचर. पांढऱ्यात डूम्ड ट्रॅव्हलर, काळ्यात इन्फेस्टेशन सेज. दोन्ही एका मानाची १/१, मेली की मागे उडणारं १/१ टोकन राहतं. म्हणजे एका कार्डात दोन बळी. तिसरा प्रकार मेलेला परत येणाऱ्यांचा. रिअसेम्ब्लिंग स्केलेटन दोन मानात ग्रेव्हयार्डमधून उठून येतो, टॅप होऊन येतो, पण बळीला त्याने काय फरक पडतो?

ड्रॉची कार्डंही याच वहीत मांडा. व्हिलेज राइट्स एकदा वापरलं की संपलं. डेडली डिस्प्यूट दोन मानाचं आहे, पण दोन कार्डांसोबत एक ट्रेझर टोकन देतं. त्यातून एक माना परत मिळतो, आणि बळी म्हणून क्रीचरऐवजी आर्टिफॅक्टही चालतं. म्हणजे आधीच्या डिस्प्यूटचं ट्रेझर पुढच्या डिस्प्यूटचा चारा होतं. व्हॅम्पायरिक राइट्स हे एन्चँटमेंट आहे, टेबलावर बसून राहतं. दोन माना आणि एक क्रीचर दिलं की एक कार्ड, वर एक लाइफ. संथ आहे, पण स्केलेटनसोबत लावलं तर चार मानात एक कार्ड, दर टर्नला, डाव संपेपर्यंत. पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. मला आवडतं. रात्रभर एका लयीत चालणाऱ्या मोटरीला मी कधी नावं ठेवली नाहीत.

स्कलक्लँपबद्दल वेगळं लिहायला हवं. एक मानाचं इक्विपमेंट, चढवायला एक माना, चढलेल्या क्रीचरला +१/-१, आणि ते मेलं की दोन कार्डं. १/१ टोकनवर चढवलं की ते २/० होतं आणि जागीच मरतं. म्हणजे वेगळं बळीचं कार्डही लागत नाही, एका मानात दोन कार्डं. २००४ मध्ये डार्कस्टील संचात हे आलं आणि त्याच वर्षी स्टँडर्ड या खेळाच्या प्रकारातून बंदी घालावी लागली. कमांडर या दुसऱ्या प्रकारात अजून चालतं. आता यातला फसवा बिघाड. बीडच्या एका पोराचं स्कलक्लँप 'चालत' नव्हतं. चढवलं तरी टोकन मरेना. त्यानेच दोन टर्न आधी सगळ्या क्रीचरना +१/+१ देणारं एन्चँटमेंट टाकलं होतं. टोकन २/२ झाली, क्लँप चढल्यावर ३/१, मरणार कशी? एका हाताने चारा कापायचा आणि दुसऱ्या हाताने त्याला औषधपाणी करायचं, असं चाललं होतं. क्लँप ठेवायचा तर ताकद वाढवणारी कार्डं काढा, किंवा फुकटात बळी घेणारं कार्ड सोबत ठेवा.

आणि समोर निळा खेळाडू असेल, प्रत्येक स्पेल काउंटर करत असेल, तर प्लंब द फॉरबिडन बघा. दोन मानाचं. हवी तेवढी क्रीचर बळी द्या, प्रत्येकामागे स्पेलची एक नक्कल तयार होते, आणि मूळ स्पेल असो की नक्कल, एक कार्ड देऊन एक लाइफ घेते. पाच टोकन कापली तर सहा कार्डं, सहा लाइफ. साध्या काउंटरने त्यातलं एकच अडतं. समोरच्याने सगळी क्रीचर मारणारा स्पेल टाकला की उत्तर म्हणून हे टाकायचं. तेव्हाचं त्याचं तोंड बघायला मी चहा सोडून उठतो.

४. तीन ढीग करा

आता डेक सतरंजीवर ओता. लँड, म्हणजे माना देणारी कार्डं, बाजूला काढा. बाकीच्या कार्डांचे तीन ढीग: चारा, कापणारे, कार्ड देणारे. एक कार्ड दोन ढिगांत बसत असेल तर ज्या कामासाठी तुम्ही ते खरोखर वापरता तिथे ठेवा. स्वतःला फसवू नका. 'हेसुद्धा गरज पडली तर कापता येईल' म्हणून ठेवलेलं सहा मानाचं राक्षसी क्रीचर हा चारा नव्हे. ते तुम्ही कधीच कापणार नाही, हे मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही.

बंद पडलेल्या डेकात तिसरा ढीग सगळ्यात उंच निघतो. तो पहिल्याच्या निम्माही नको. ६० कार्डांच्या डेकात एका प्रकारची ४ कार्डं असतील तर सुरुवातीच्या ७ कार्डांत त्यातलं निदान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. ८ असतील तर ६५, १२ असतील तर ८१. चारा पहिल्या हातात लागतो, ड्रॉ तिसऱ्या-चौथ्या टर्नला आला तरी चालतो. तेव्हा ८१ टक्क्यांची जागा चाऱ्याला द्यायची की ड्रॉला? पोरं ती ड्रॉला देतात आणि मग दुसरं लक्षण घेऊन माझ्याकडे येतात.

कमांडरच्या १०० कार्डांच्या डेकात, जिथे बेसिक लँड सोडता प्रत्येक कार्ड एकच ठेवता येतं, मी साधारण असं लावतो: चारा देणारी २० ते २४, कापणारी ६ ते ८, कार्ड देणारी ८ ते १०. हा माझा अंदाज आहे, कोणत्या पुस्तकातला नियम नाही. कमांडर, म्हणजे डेकचा म्होरक्या म्हणून निवडलेलं क्रीचर, स्वतःच टोकन देत असेल तर चारा थोडा कमी चालतो, कमांडर स्वतः कापत असेल तर कापणारी चार पुरे. कापणाऱ्यांत निदान दोन अशी ठेवा ज्यांना माना लागत नाही, व्हिसेरा सीअर किंवा कॅरियन फीडरसारखी. प्रत्येक बळीला माना मोजावा लागला तर वरचं मॉर्बिड ऑपॉर्च्युनिस्टचं गणित जमत नाही.

बदल करताना एका वेळी तीन-चारच कार्डं बदला आणि मग निदान पाच डाव खेळा. अर्धा डेक एकदम बदलला तर कशाने फरक पडला ते कळत नाही. फोनवर मॅजिक अरीना फुकट आहे, तिथे नियम यंत्रच पाळतं, त्यामुळे ट्रिगर, म्हणजे कार्डाचा आपोआप होणारा परिणाम, होतो की नाही हा वाद उरत नाही. कार्ड तिथे उपलब्ध असेल तर आधी तिथेच चालवून बघा.

५. दोष समोरच्या टेबलावर तर नाही?

डेक ठीक आहे, एकाच माणसासमोर बंद पडतो, असं असेल तर त्याची कार्डं वाचा. रेस्ट इन पीस टेबलावर असेल तर ग्रेव्हयार्डमध्ये जाणारं सगळं, टोकनसुद्धा, थेट एक्झाइल होतं, म्हणजे डावाबाहेर जातं. ग्रेव्हयार्डमध्ये गेलंच नाही म्हणजे मेलं नाही, आणि मेल्यावर चालणारं कोणतंही कार्ड हलत नाही. मात्र व्हिलेज राइट्स तेव्हाही चालतं, कारण त्याला क्रीचर मरायची गरज नाही, बळी जायची आहे. एंजल ऑफ ज्युबिलेशन त्याच्या उलट: तिथे स्पेल किंवा अॅबिलिटीची किंमत म्हणून क्रीचर बळी देताच येत नाही. ती दिसली की आधी तिला काढा, बाकी सगळं नंतर.

कमांडर बळी दिला तर 'मेला' धरायचं का, हा प्रश्न जुन्या खेळाडूंमध्ये अजून निघतो. २०२० पासून धरायचं. कमांडर आधी ग्रेव्हयार्डमध्ये जातो, मग तुम्ही त्याला कमांड झोनमध्ये, म्हणजे त्याच्या राखीव जागेत नेऊ शकता. त्याआधी तो मधूनच वळवला जायचा आणि ट्रिगर व्हायचा नाही. जुना खेळाडू वाद घालत असेल तर त्याला खोटारडा म्हणू नका, तो जुन्या नियमाने बरोबर आहे.

६. कार्डं येतात, पण मरतो आपण

इथे 'मे' शब्दाकडे परत या. डार्क प्रॉफेसी, मिडनाइट रीपर यांच्यावर तो नाही. क्रीचर मेलं की कार्ड उचलावंच लागतं आणि लाइफही जातंच. तुमचं लाइफ ४, टेबलावर डार्क प्रॉफेसी आणि पाच क्रीचर, समोरच्याने सगळी मारणारा स्पेल टाकला, की चौथं कार्ड उचलतानाच तुम्ही मेलात. लायब्ररीत, म्हणजे उचलायच्या गठ्ठ्यात, कार्डं कमी उरली असतील तरी तोच धोका, रिकाम्या लायब्ररीतून उचलायची वेळ आली की डाव गेला. उपाय साधा आहे. ब्लड आर्टिस्ट किंवा झुलापोर्ट कटथ्रोटपैकी एक सोबत ठेवा, म्हणजे गेलेलं लाइफ त्याच मरणातून परत येतं. आणि दहाच्या खाली आलात की प्रत्येक क्रीचर उतरवताना विचार करा, हे मेलं तर मला परवडेल का.

७. पैसे घालायची वेळ

वरचं सगळं करून झालं असेल तरच. आणि तेव्हाही महागडी कार्डं आधी घेऊ नका. अॅशनॉड्स ऑल्टर, फिरेक्सियन ऑल्टर ही नावं ऐकून पोरांचे डोळे चमकतात, पण ती माना देतात, कार्ड नाही. ज्या डेकात चारा नाही त्यात ऑल्टर म्हणजे विहीर नसलेल्या शेतात दहा एचपीची मोटर. पैसे चाऱ्यावर घाला. वर लिहिलेली डूम्ड ट्रॅव्हलर, इन्फेस्टेशन सेज, व्हिलेज राइट्स ही सगळी कॉमन किंवा अनकॉमन आहेत, तुकड्यातुकड्याने घेता येतात. आमच्याकडे पार्सल यायला वेळ लागतो, म्हणून चार जणांनी मिळून मागवतो. कार्ड हातात येईपर्यंत कागदावर नाव लिहून स्लीव्हमध्ये घाला आणि टेबलावरच्या सगळ्यांना विचारून खेळा. पाच डावांत ते कार्ड कामाला आलं नाही तर मागवूच नका.

कुठे थांबायचं

काही गोष्टी स्वतः दुरुस्त करू नयेत.

स्पर्धेत खेळताना ट्रिगर चुकून दोनदा घेतला आणि एक कार्ड जास्त उचललं गेलं, तर ते हातात मिसळू नका आणि गुपचूप लायब्ररीत परतही ठेवू नका. दोन्ही हात टेबलावर ठेवा, मोठ्याने सांगा आणि जजला बोलवा. समोरचा म्हणाला 'जाऊ दे, ठेव खाली', तरीही बोलवा. स्वतः केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा महागात पडते. घरच्या टेबलावर जज नसतो. तिथे गॅदरर या अधिकृत संग्रहात त्या कार्डाच्या पानावर दिलेली स्पष्टीकरणं बघायची. दहा मिनिटांत उत्तर सापडलं नाही तर नाणं उडवा आणि डाव पुढे न्या.

महागडं कार्ड कोणी स्वस्तात दिलं आणि खोटं असल्याची शंका असेल तर वाकवून, पाण्यात बुडवून, कड खरवडून बघू नका. खरं असेल तर तुम्हीच त्याची वाट लावाल. स्लीव्हमध्ये तसंच ठेवा आणि अशा कार्डांची रोज उलाढाल करणाऱ्या माणसाला दाखवा. मलाही दाखवू नका, मला मोटरीतलं कळतं, शाईतलं नाही.

आणि तुमच्या डेकात असं चक्र तयार झालं की एक बळी दुसऱ्या ट्रिगरला जागं करतो, तो तिसऱ्याला, आणि फिरून पहिला, तर हात आखडा. त्यातली एखादी पायरी तुमच्या मर्जीची असेल तर किती फेऱ्या करायच्या तो आकडा तुम्हीच सांगायचा आणि तिथे थांबायचं. सगळ्या पायऱ्या सक्तीच्या असतील आणि कोणालाच ते चक्र तोडता येत नसेल, तर नियमाने डाव बरोबरीत सुटतो. आमच्याकडे एकदा असं चक्र लागलं, आणि ते सक्तीचं आहे की मर्जीचं यावर दोघं रात्री साडेअकरापर्यंत भांडले. मी शटर अर्धं ओढलं तेव्हा कोणी तरी कार्ड पुन्हा वाचलं. त्यावर 'मे' होतं.